घोळीसारखं दिसणारं झाड

आमच्या ओसरीच्या वाशाला एक लोखंडी आकडा होता. घरमालकानं तो पाळण्यासाठी ठोकला असेल. आमच्याकडे तो दिवाळीत आकाशकंदील लावण्यापुरताच लागायचा. एरवी त्याच्यावर चिमण्या बसायच्या. शेजारच्या खोलीतली बाई जाताना मला एक झाड देऊन गेली आणि ते टांगायला दुसरी जागा नव्हती, म्हणून तो आकडा माझ्या कामाला आला.

तेव्हा आम्ही नागपूरजवळ वाडीला राहत होतो, अमरावती रोडला. पुढे ट्रान्सपोर्टची गोदामं आणि मागे भाड्याच्या खोल्यांची रांग. हे एका गोदामात मुनीम होते. माल उतरायला उशीर झाला की यांना घरी यायला उशीर, म्हणून ओसरीतला दिवा जळत ठेवायचा, असा घरात नियमच होता. शेजारच्या बाईचा नवरा ट्रक चालवायचा. ती दोघं वरच्या पहाडातली. ती हिंदी बोलायची. मला सगळं समजायचं, पण उलट बोलायला तोंड उघडत नसे. मी नुसती हसायची. तेवढ्यावर आमचं चांगलं जमलं होतं. दुपारी दोघी ओसरीत बसून तांदूळ निवडायचो, ती बोलायची आणि मी ऐकायची.

तिच्या नवऱ्याची ट्रकची लाईन बदलली आणि त्यांना एकाएकी निघावं लागलं. सामान ट्रकमध्ये चढलं तेव्हा ती तेलाचा एक अर्धा कापलेला डबा घेऊन माझ्याकडे आली. त्यात हे झाड होतं. तिच्या माहेराहून ट्रकच्या केबिनमध्ये टांगून आणलेलं. ती म्हणाली, "बहन, इसको पानी कम देना. और घबराना मत. सबके फूल हो जाते हैं, तब इसके आते हैं. गुलाबी." झाडाचं नावही तिनं सांगितलं, पण गाडी सुरू झाली होती, त्या आवाजात माझ्या काही लक्षात राहिलं नाही.

झाड मोठं शोभिवंत होतं असं नाही. बारीक लालसर देठं डब्याच्या काठावरून खाली लोंबत. देठावर तीन-तीन पानं एका ठिकाणी, गोल, जाड, राखेसारख्या निळसर रंगाची. बोटात धरली की आत पाणी भरल्यासारखी वाटायची. काठाला मात्र गुलाबी रेघ, जशी पातळाला बारीक किनार असते तशी.

पहिल्या उन्हाळ्यात मी ते जवळजवळ घालवलंच होतं. नागपूरचं ऊन म्हटल्यावर कोणत्याही झाडाला सकाळ-संध्याकाळ पाणी घालायचं, हेच आम्हाला माहीत. बाई कमी पाणी सांगून गेली होती, पण भर उन्हात झाड कोरडं ठेवायला जीव होईना. पानं भिजल्या साबुदाण्यासारखी पारदर्शक झाली आणि हात लावला की गळायला लागली. मग मी डबा काढून माठाच्या घडवंचीखाली नेऊन ठेवला. तिथं सावली होती आणि माठाचा गारवा होता. पाणी बंदच केलं. मृग लागल्यावर त्यानं पुन्हा पानं धरली, तेव्हा मी ते परत आकड्यावर टांगलं. त्या वर्षी फूल आलं नाही. दिवाळीत कंदिलासाठी डबा ओसरीतच खाली उतरवला, कंदील निघाल्यावर पुन्हा वर चढवला.

संक्रांतीला आमच्याकडे हळदीकुंकू होतं. रांगेतल्या सगळ्या बायका आल्या होत्या. मी वाण देत होते आणि खाली मान घालून होते, नेहमीसारखी. त्यातल्या एकीनं वर पाहून विचारलं, "हे काय टांगलं वं?"

सासूबाई म्हणाल्या, "कोनास ठाऊक. फूल नाही, फळ नाही. सून पाणी घालून राहिली, मी पाहून राहिली."

मी कधी चारचौघींत बोलत नसे. पण त्या दिवशी माझ्या तोंडून निघून गेलं, "त्याले फुलं येतात. गुलाबी."

सगळ्या माझ्याकडे पाहायला लागल्या. मी बोलले, याचंच त्यांना नवल जास्त वाटलं असावं. एकीनं विचारलं, "कवा वं?" मी म्हणाले, "सगळ्याइची झाल्यावर." त्यावर जो हशा पिकला, तो पुढं सगळं वर्ष पुरला. नळावर पाण्याची गुंडी लावली की कोणी तरी विचारायचंच, "काय वं, आलं काय तुझं फूल?" दुसरी म्हणायची, "थांब गं बाई, अजून माझ्या घरच्या मोगऱ्याचं व्हायचं हाये." त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. पण माझे कान गरम व्हायचे आणि गुंडी अर्धी भरली तरी उचलून मी घरी यायची.

सासूबाईंना ती थट्टा माझ्यापेक्षा जास्त लागली. त्यांच्या ओसरीत त्यांच्या सुनेला कोणी हसावं, हे त्यांना आवडलं नाही. पण राग निघाला तो झाडावर. त्या म्हणाल्या, "दिवाळीले आकडा कंदिलाले लागनच. तवर फुललं त ठीक. नाही त त्या डब्ब्यात मी ओवा लावतो. भजे तरी होतील." त्या एकदा म्हणाल्या की म्हणाल्या. मी मान हलवली. मनात मात्र त्या दिवसापासून एकच गोष्ट होती, की दिवाळीच्या आत हे फुललं पाहिजे. त्या घरात भांडी, पातळं, पेटी, सगळं सगळ्यांचं होतं आणि मला त्याचं दुःखही नव्हतं. पण हे झाड माझ्या हातात देऊन कोणी तरी मला बहीण म्हणालं होतं.

श्रावणात मोठी माय आल्या. मोठी माय म्हणजे सासूबाईंची थोरली बहीण. हे त्यांना मोठी माय म्हणत, म्हणून आम्ही सगळेच म्हणायचो. त्या गावाकडे राहायच्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. दवाखान्यात दाखवलं तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, अजून पिकला नाही, थंडीत या. तरी बहिणीकडे आल्याच आहेत तर राहू द्या, म्हणून त्या आठ-पंधरा दिवस राहिल्या. डोळ्यांना सगळं धुरकट दिसायचं, पण हात स्वस्थ नसायचे. वाती वळायच्या, लसूण सोलायच्या, चाचपत-चाचपत अंगणातला केर काढायच्या. "बसून खाल्लं त अंगी लागत नाही मले," म्हणायच्या.

एके दिवशी कंट्रोलच्या दुकानात घासलेट आलं. सासूबाई आणि मी दोघीही डबे घेऊन रांगेत गेलो. मोठी माय घरी एकट्या. आम्ही परत आलो तर लसणाच्या फोडणीचा वास रस्त्यापर्यंत येत होता. स्वयंपाक झालेला होता. भाकरी टोपल्यात, डाळ घातलेली पालेभाजी कढईत. मोठी माय चुलीपुढं बसून घाम पुसत होत्या आणि फार खुशीत होत्या.

"भाजी कुठून आणली वं बाई?" सासूबाईंनी विचारलं.

"घरचीच हाये," मोठी माय म्हणाल्या. "तुम्ही शहरातले लोक बाजारात जाता अन् दारात असलेलं दिसत नाही तुम्हाले."

मागच्या अंगणात पावसानं काहीबाही उगवलेलं असायचं. त्यातलंच काही असेल, असं आम्हाला वाटलं. हे दुपारी जेवायला आले. भाजी थोडी आंबूस, थोडी चिकट, आणि लसूण-लाल मिरची भरपूर. यांनी दोनदा मागून घेतली. "मोठी माय, अशी घोळ मी लहानपणी तुह्या हातची खाल्ली होती," म्हणाले. मी पण खाल्ली. मला आवडली, हे खोटं कशाला सांगू.

जेवणं झाल्यावर मी उष्टं पाणी टाकायला ओसरीत आले आणि वर पाहिलं. आकड्यावर डबा होता. डब्यात माती होती. मातीतून बोट-बोट उंचीची काही देठं वर आलेली होती, कापलेली. बाकी काही नव्हतं.

मी तिथंच उभी राहिले. हातातलं पाणी पायावर सांडलं. सासूबाई मागून आल्या, माझ्याकडे पाहिलं, मग वर पाहिलं. आणि आत गेल्या.

"बाई, तू ते टांगलेलं कापलं काय वं?"

"कापलं ना. घोळ होय ते."

"घोळ नाही होय. माह्या सुनेचं झाड होय ते."

"झाड?" मोठी माय म्हणाल्या. "मी स्टुलावर चढून हातानं चाचपलं ना. पान जाड, देठ लाल, दातानं चावून पाहिलं त आंबट. घोळच लागलं मले."

"घोळ कोणी टांगून ठेवते काय?"

"मले वाटलं, बकरीपासून वाचवाले टांगली असन."

एवढं ऐकलं आणि यांना जो ठसका लागला, तो पाणी पिऊनही थांबेना. सासूबाई यांच्यावर ओरडल्या, "हासू नको गा. विषारी-बिषारी असन त? तू दोन डाव खाल्ली." मग त्यांच्या लक्षात आलं की आपणही खाल्ली आहे. त्या एकदम खाटेवर बसल्या. यांनी पोट धरून थोडं कण्हून दाखवलं. सासूबाईंनी हातातली चिंधी त्यांच्या अंगावर फेकली. मोठी माय म्हणाल्या, "मी सगळ्यात जास्त खाल्ली. मरायचं असन त आधी मी मरीन, तुम्ही पाहत बसा." त्या खरंच भिंतीला टेकून बसल्या आणि आम्ही सगळे त्यांच्याकडे पाहत बसलो. थोड्या वेळानं त्या घोरायला लागल्या. तेव्हा कोणाला काही होत नाही, हे कळलं.

मला रडू यायला पाहिजे होतं. पण माझ्या कानात एकच वाक्य फिरत होतं. माह्या सुनेचं झाड. त्या आधी सासूबाई त्याला 'ते टांगलेलं' म्हणायच्या.

संध्याकाळी मोठी माय दिसेनात. मागं पाहिलं तर न्हाणीच्या पलीकडे, जिथं आम्ही केर टाकायचो, तिथं त्या उकिडव्या बसून हात फिरवत होत्या. कोवळी पानं भाजीत गेली होती, पण निबर देठं त्यांनी निवडून केरात टाकली होती. लसणाच्या सालांतून त्या तीच एकेक उचलत होत्या.

सासूबाई म्हणाल्या, "बाई, काय करून राहिली? इचू-काटा असन तिथं."

"माहे हात पाहतात," मोठी माय म्हणाल्या. "घोळीचं देठ कुठंही लागते. हे त्याच्याच जातीचं दिसते. लागन."

फुटलेल्या माठाचं एक मोठं खापर अंगणात पडलेलं होतं. त्यात त्यांनी घरमालकाच्या बांधकामाची उरलेली रेती आणि थोडी माती घातली आणि देठं खोचली. मी म्हणाले, "मोठी माय, पाणी कमी लागते त्याले." त्या म्हणाल्या, "मंग तूच सांभाळ. मी दिलं तुले परत." ते खापर त्यांनी न्हाणीच्या भिंतीवर ठेवायला लावलं. सकाळचं ऊन तिथं यायचं आणि बकरी पोचत नव्हती. पोळ्याच्या आधी त्या गावी गेल्या.

आकड्यावरच्या डब्यातल्या देठांनाही फुटवे आले. एकेका देठाला दोन-दोन, तीन-तीन फांद्या. आधीपेक्षा झाड दाट झालं. कापल्याचा असा फायदा होतो हे मला तेव्हाच कळलं. मला वाटलं, आता येईल फूल. गणपती झाले, नवरात्र आलं. मी रोज सकाळी स्टूल घेऊन शेंड्यांवर पाहायची. पानंच. कोजागिरी झाली, घराला चुना लागला, तरी पानंच. नळावर विचारायचं कोणी सोडलं नव्हतं. उलट आता भाजीची गोष्ट सगळीकडे झाली होती. "फूल येऊ दे वं," एक जण म्हणाली, "मंग त्याची भजी कर."

दिवाळीच्या आदल्या दिवशी यांनी कंदील आणला. मी स्वतःच स्टुलावर चढून डबा उतरवला आणि सासूबाईंच्या पुढं ठेवला. ओव्याची फांदी त्यांनी कोणाकडून तरी मागून आणून ठेवलीच होती, ती मला दिसत होती, तांब्यात. त्यांनी डब्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "मांगं नेऊन ठेव. तुळशीच्या लग्नापर्यंत पाहू. ओवा काही पळून नाही जात."

मी डबा मागं नेला आणि अंधारात चाचपून खापराशेजारी भिंतीवर ठेवला. तुळशीच्या लग्नाला काही दिवसच उरले होते आणि रांगेतलं तुळशीवृंदावन मागच्या अंगणातच होतं. म्हणजे सगळ्या बायका त्याच भिंतीपुढं उभ्या राहणार. त्या मुदतीनं मला सुटल्यासारखं वाटलं नाही.

दिवाळीत मागं पाहायला फुरसत झाली नाही. भाऊबीज झाल्यावर मोठी माय पुन्हा आल्या आणि दवाखान्यात भरती झाल्या. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. घरी आणलं तेव्हा डोळ्यावर हिरव्या कापडाची पट्टी होती. खाटेवर पडून राहायचं, मान हलवायची नाही, खोकायचं नाही, हसायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. यांना तर आम्ही खोलीतच जाऊ देत नव्हतो.

तुळशीच्या लग्नाच्या दिवशी सकाळी मी मागचं अंगण सारवायला घेतलं. न्हाणीच्या भिंतीजवळ आले आणि सारवणाचा हात तसाच राहिला. मोठी मायच्या खापरातल्या प्रत्येक देठाच्या टोकाला फुलांचा झुबका होता. बाजरीच्या दाण्याएवढ्या कळ्या आणि त्यातल्या कितीतरी उमललेल्या. पाच पाकळ्यांची चांदणी, आमच्या नखापेक्षा लहान, गुलाबी. भडक राणी रंग नव्हे, फिका नव्हे, गुलाबी तो गुलाबीच, बाई म्हणाली होती तसा. इतके दिवस तिथं भांडी घासली, पाणी तापवलं, आणि मान वर करून पाहिलं नव्हतं. मी सगळं वर्ष समोरच्या डब्याकडे पाहत राहिले होते.

मी सासूबाईंना हाक मारली. मी त्यांना आत्याबाई म्हणायची. मोठ्यानं हाक मारायची मला सवय नव्हती, म्हणून काय झालं ते पाहायला त्या धावतच आल्या. त्यांनी पाहिलं. जवळ जाऊन पाहिलं. मग पदराला हात पुसून ते खापर दोन्ही हातांनी उचललं आणि तुळशीच्या बाजूला, उसाच्या मांडवाखाली नेऊन ठेवलं.

दिवेलागणीला बायका जमल्या. चिंचा, बोरं, आवळे तुळशीत वाहून झाले. कोणाचं लक्ष कुठं होतं कोण जाणे, आधी कोणाला दिसलंच नाही. मग नेहमीची जी मोगऱ्यावरून थट्टा करायची, तिनंच विचारलं, "काय वं, आलं काय तुझं फूल?"

मी काही बोलायच्या आत सासूबाई म्हणाल्या, "आलं. तुह्या पायाजवळ हाये. तुडवू नको."

ती दोन पावलं मागं सरली आणि खाली वाकली. मग सगळ्याच वाकल्या. मंगलाष्टकं म्हणायला आलेला भटजी अक्षता हातात घेऊन तसाच उभा. "अगं बाई, खरंच गुलाबी हाये," एक म्हणाली. "याचं नाव काय वं?" दुसरीनं विचारलं. मला नाव माहीत नव्हतं. सासूबाईंनाही नव्हतं, पण त्या अडल्या नाहीत. "पहाडातलं हाये," त्या म्हणाल्या, "वाडीत दुसऱ्या कोनाकडं नाही." आतून खाटेवरून मोठी मायचा आवाज आला, "माह्या हातचं हाये म्हणून सांग त्याइले." बायका हसल्या. मी पण हसले, आणि त्या वेळी खाली मान घातली नाही, एवढं आठवतं.

तीन-चार दिवसांनी मागं ठेवलेल्या डब्यातल्या देठांनाही कळ्या दिसल्या. तेव्हा मी विचार करत बसले. माती तीच, पाणी तेवढंच, देठं एकाच झाडाची. फरक एवढाच, की ओसरीत रात्र-रात्र बल्ब जळायचा आणि मागं दिवस मावळला की पार अंधार. बाईच्या पहाडात कुठले आले बल्ब. तिच्या झाडाला रात्र म्हणजे रात्रच लागत असेल. हे खरं की खोटं, मला कोणाला विचारता आलं नाही. पण पुढं जितकी वर्षं ते आमच्याकडे राहिलं, मी ते अंधारातच ठेवलं आणि ते कधी चुकलं नाही.

त्रिपुरी पौर्णिमा झाली, कंदील उतरला. सासूबाई खापर घेऊन ओसरीत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आकडा खाली झाला. टांग आता. येणाऱ्या-जाणाऱ्याले दिसू दे."

त्यांनी आपणहून सांगितलं, हेच माझ्यासाठी फार होतं. पण मी म्हणाले, "नाही आत्याबाई. त्याले मांगंच राहू द्या. तिथं त्याले करमते."

मी त्यांना नाही म्हणण्याची ती पहिलीच वेळ. मग त्या म्हणाल्या, "बरं. मंग आकड्यावर ओवा टांगू." आणि तसंच झालं. त्या ओव्याची भजी आम्ही पुष्कळ वर्षं खाल्ली.

मोठी मायची पट्टी निघाली तेव्हा फुलं अजून होती, थोडी तपकिरी पडायला लागलेली. त्यांना जाड भिंगाचा चष्मा मिळाला. दवाखान्यातून आल्या, पायही धुतले नाहीत आणि म्हणाल्या, "आधी मी काय खाल्लं ते पाहू द्या."

मी हात धरून त्यांना मागं नेलं. त्यांनी चष्मा नाकावर दाबला, खापरावर वाकल्या आणि बराच वेळ पाहत राहिल्या. मला वाटलं, त्यांना वाईट वाटत असेल. मी म्हणाले, "राहू द्या मोठी माय, तुमच्यामुळंच त वाचलं."

त्या म्हणाल्या, "तसं नाही वं. चांगलं दिसते. इतकं चांगलं असन असं हाताले नाही समजलं." मग माझ्याकडे वळल्या. चष्म्यातून त्यांचे डोळे मोठे-मोठे दिसत होते. त्यांनी मला नीट पाहण्याची तीही पहिलीच वेळ होती. माझं तोंड त्यांनी या कानापासून त्या कानापर्यंत पाहून घेतलं आणि म्हणाल्या, "दोन देठं मले दे. गावाले लावीन."

"फुलासाठी ना?" मी विचारलं.

"फुलासाठी," त्या म्हणाल्या. "अन् जास्त झालं त भाजीले."